व्याख्या, मोजणी आणि वाचन : शिरूर-दौंड परिसरातील वाहनांच्या सुरक्षा-मानकांचा इतिहास

१

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर आणि दौंड हे दोन तालुके परस्परांस लागून आहेत. पुण्याहून अहमदनगरकडे (२०२४ पासून अहिल्यानगर) जाणारा मार्ग शिरूर तालुक्यातून जातो, तर सोलापूरकडे जाणारा महामार्ग दौंड तालुक्यातील यवत, पाटस व कुरकुंभ ह्या गावांवरून पुढे सरकतो. न्हावरे ते चौफुला हा रस्ता ह्या दोन मार्गांस जोडणारा दुवा होय. ह्या रस्त्यांवरून जी वाहने धावतात त्यांचे ओझरते अवलोकन केले तरी एक विसंगती नजरेत भरते. रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली, आघाताच्या कठोर चाचण्यांस उतरलेली मोटार. राज्य परिवहनाची लाल गाडी. आणि मागे दिवा नसलेली, उसाने खच्चून भरलेली ट्रॉली, ही तिन्ही वाहने एकाच वेळी एकाच डांबरावर आढळतात. तिघांवरही अंमल एकाच मोटार वाहन अधिनियमाचा आहे. तथापि त्या अधिनियमाखाली ठरलेली सुरक्षा-मानके तिघांपर्यंत सारखी पोहोचलेली नाहीत.

ह्या विषमतेचे कारण सामान्यतः अंमलबजावणीच्या शैथिल्यात किंवा लोकांच्या बेपर्वाईत शोधले जाते. ती कारणे खोटी नव्हेत. परंतु ती अपुरी आहेत. मानक म्हणजे अखेर एक लेख आहे. तो लेख वाहनापर्यंत पोहोचावयाचा तर तीन गोष्टी घडाव्या लागतात. पहिली, ते वाहन कायद्याच्या व्याख्येत यावे लागते. दुसरी, मानकात सांगितलेला गुण कोठेतरी प्रत्यक्ष मोजला जावा लागतो. तिसरी, जो माणूस ते वाहन घडवितो, चालवितो किंवा वापरतो त्याला तो लेख स्वतःच्या भाषेत वाचता यावा लागतो. व्याख्या, मोजणी आणि वाचन ह्या तीन पायऱ्या होत. शिरूर-दौंड परिसराचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास ह्या तीन पायऱ्यांच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मोटारीपूर्वी ह्या भागातील रस्त्यावरचे मुख्य वाहन म्हणजे बैलगाडी. तिच्याही रचनेत सुधारणा करण्याचा प्रयत्न सरकारी पातळीवर फार लवकर झाला होता, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १८३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यापासून महसुली पाहणीस प्रारंभ झाला, त्या काळी दख्खनमध्ये दगडी किंवा भरीव लाकडी चाकांच्या अवजड गाड्या वापरात होत्या. पाहणीवरील अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सोलापूरकडील टेंभुर्णी येथे हलक्या, आऱ्यांच्या चाकाच्या गाड्या करण्याचा कारखाना निघाला. हेतू सुरक्षेचा नव्हता; माल बाजारात लवकर जावा आणि सारावसुली सुलभ व्हावी एवढाच होता. परंतु वाहनाचा एक नमुना ठरवून तो सर्वत्र पसरविण्याची कल्पना येथे प्रथमच दिसते.

तो नमुना पसरला तो कोणत्याही हुकमाने नव्हे. गावोगावच्या सुतार-लोहारांनी तो पाहिला, उचलला आणि आपल्या शब्दांत बसविला. तुंबा, आरे, धाव, आख, जू, शिवळ ही मराठी शब्दावली म्हणजे एका अर्थाने बैलगाडीची मानक-संहिताच होती. तुंब्यात आरा किती खोल बसावा, धाव तापवून चाकावर केव्हा चढवावी, आखास वंगण किती दिवसांनी घालावे हे सारे ज्ञान ह्या शब्दांच्या आश्रयाने बापाकडून मुलाकडे जात असे. लिखित लेख नव्हता, पण वाचन होते. कारण करणारा आणि जाणणारा एकच होता. रात्री आखाखाली टांगलेला कंदील हाही ह्याच अलिखित संहितेचा भाग होय. पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने रस्त्यावरील वाहनांवर किती दिवे कोठे लावावेत आणि कोणत्या वेळेत लावावेत हे ठरविण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस दिला, तेव्हा जुन्या कंदिलालाच कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

ह्याच्या अगदी उलट चित्र दौंडच्या रेल्वेचे आहे. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये दौंडवरून पुढे दिक्सळपर्यंत गेला, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हे मोठे जंक्शन बनले. रेल्वेचे वाहन जन्मापासूनच मानकाच्या चौकटीत होते. रुळांतील अंतर ठरलेले, चाकाची कड ठरलेली. नवा मार्ग निरीक्षकाच्या तपासणीवाचून उतारूंसाठी उघडता येत नसे, हे १८९० च्या रेल्वे अधिनियमाने स्पष्ट केले. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर जावयाचा तर तो दोघींच्या तपासनिसांस पटला पाहिजे, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनने त्याविषयीचे नियम बांधून दिले. मालक मोजके, वाट एकच, चूक झाल्यास नुकसान स्वतःचेच. म्हणून मानक आले.

रस्त्याचे तसे नव्हते. तेथे मालक हजारो, वाहने नाना प्रकारची आणि वाट सर्वांची. म्हणून रस्त्यावरच्या वाहनास मानक लावावयाचे तर आधी ‘वाहन’ म्हणजे काय हे शब्दांत सांगणे भाग होते. दौंडच्या फलाटावर जो प्रश्न कधी उद्भवला नाही, तो स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर पहिल्या दिवसापासून उभा राहिला.

३

हिंदुस्थानातील मोटारींसाठी पहिला सर्वदेशीय अधिनियम १९१४ साली झाला. त्यानंतरचा अधिक तपशीलवार अधिनियम १९३९ चा. ह्या दोन्ही कायद्यांत वाहन सुस्थितीत असावे, चालकाच्या ताब्यात राहील अशा रीतीने बांधलेले असावे, अशी सामान्य तत्त्वे होती. परंतु बांधणीचे तपशीलवार नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांकडे होता. मुंबई प्रांताने १९४० मध्ये आणि पुढे मुंबई राज्याने १९५९ मध्ये आपले मोटार वाहन नियम केले. म्हणजे ह्या काळात शिरूरच्या रस्त्यावरील गाडीला जे नियम लागू होते ते राज्याचे होते. सर्व देशासाठी एक असे वाहनाच्या रचनेचे मानक अद्याप अस्तित्वात आलेले नव्हते.

ह्या काळातील सर्वांत महत्त्वाची घटना ह्याच रस्त्यावर घडली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी अहमदनगर आणि पुणे ह्यांच्या दरम्यान धावली; तिचा मार्ग शिरूरवरून होता. आरंभीच्या ताफ्यात बेडफर्ड बनावटीच्या तीस गाड्या होत्या. त्यांचा सांगाडा लाकडी होता आणि बैठका काथ्याच्या होत्या. यंत्र आणि चौकट परदेशातून येत असे. त्यावरील पेटी येथे सुतारकामाने उभी राहत असे. बैलगाडीचे सुतारकाम आणि विलायती यंत्र ह्यांचा तो संकर होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. उतारू ज्या पेटीत बसतो ती किती मजबूत असावी, गाडी उलटल्यास छत किती दबावे, खिडकीतून बाहेर कसे पडावे ह्याविषयी त्या वेळी कोणतेही राष्ट्रीय मानक नव्हते. मोटार वाहन निरीक्षक गाडी पाही, ब्रेक आणि दिवे तपाशी आणि योग्यतेचा दाखला देई. लोकांनी ह्या क्रियेस ‘पासिंग’ असे नाव दिले आणि ते आजही रूढ आहे. ह्या शब्दातच त्या व्यवस्थेची मर्यादा दिसून येते. ‘पासिंग’ ही गाडीने द्यावयाची परीक्षा होती. गाडी कशी बांधावी ह्याची शिकवण नव्हती.

१९८८ चा मोटार वाहन अधिनियम आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम १ जुलै १९८९ पासून अमलात आले आणि परिस्थिती मुळापासून बदलली. वाहनाच्या रचनेविषयी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. मुंबईत एक आणि मद्रासेत दुसरे असे राहिले नाही. ह्या अधिनियमातील ‘मोटार वाहन’ ह्या शब्दाची व्याख्या अभ्यसनीय आहे. यांत्रिक शक्तीने चालणारे व रस्त्यावर वापरण्यास योग्य केलेले कोणतेही वाहन तीत येते. पेटी न चढविलेली नुसती चौकटही येते. आणि ट्रेलरही येतो. ट्रेलर म्हणजे मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन. रुळांवरून चालणारे वाहन आणि केवळ कारखान्याच्या आवारात वापरावयाचे विशेष वाहन मात्र वगळलेले आहे. बैलगाडी ह्या व्याख्येच्या बाहेर राहिली, हे उघड आहे. उसाची ट्रॉली मात्र, तिला स्वतःचे यंत्र नसूनही, व्याख्येने आत घेतली. पहिली पायरी तिने ओलांडली होती. पुढच्या दोन पायऱ्यांवर काय झाले हे पाहण्याआधी मोजणीचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

४

मोजण्यासाठी जागा, साधने आणि माणसे लागतात. योगायोग असा की, देशातील मोटार-मोजणीची प्रमुख स्थाने शिरूरच्या रस्त्याच्या दोन टोकांस वसली. भारतीय मानक संस्था १९४७ साली दिल्लीत स्थापन झाली होती, पण मोटारीच्या चाचण्यांसाठी वेगळी व्यवस्था हवी होती. १९६६ मध्ये पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तिचे मुख्य स्थान वेताळ टेकडीवर आहे. पुढच्याच वर्षी भोसरी येथे सार्वजनिक परिवहन उपक्रमांसाठी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट सुरू झाली. रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, अहमदनगर येथे, लष्कराच्या वाहनांचे संशोधन व परीक्षण करणारी संरक्षण खात्याची संस्था आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी असे ठरविले की, वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त परीक्षण-संस्थेकडून तपासून घेतल्यावाचून कारखानदाराने ते विकू नये. त्या संस्थांत पुणे व अहमदनगर येथील संस्थांचा समावेश झाला. ट्रॅक्टरसाठी मध्यप्रदेशातील बुदनी येथील संस्था नेमण्यात आली.

१९९७ मध्ये मोटार उद्योगाच्या मानकांसाठी स्वतंत्र समिती नेमली गेली आणि तिचे कार्यालयीन काम पुण्याच्या संस्थेकडे आले. तेव्हापासून ‘ए. आय. एस.’ ह्या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी मानके एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागली. बसच्या पेटीसाठी ०५२, बस उलटल्यास सांगाड्याने किती तग धरावा ह्यासाठी ०३१, परावर्तक पट्ट्यांसाठी ०९०, समोरील आघातासाठी ०९८, बाजूच्या आघातासाठी ०९९ अशी ही मालिका आहे. भारताने २००६ साली जिनिव्हा येथील १९९८ च्या करारात प्रवेश केला. तेव्हापासून ह्या मालिकेचा जागतिक नियमांशी मेळ घालण्याचे काम चालू आहे.

मोटारीच्या बाबतीत मोजणीचा परिणाम किती थेट होतो ह्याचे उदाहरण शिरूर तालुक्यातच मिळते. रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून पूर्वापार प्रसिद्ध. नव्वदच्या दशकात तेथे औद्योगिक वसाहत झाली आणि फियाट कंपनीने आपला कारखाना उभारला. २००७ मध्ये टाटा मोटर्स त्यात समान भागीदार झाली. २०१७ पासून येथे तयार होणारी जीप कंपास ही मोटार उजव्या हाताने चालविल्या जाणाऱ्या परदेशांतही जाऊ लागली. परदेशी जावयाचे तर त्या त्या देशाच्या मोजणीस उतरणे क्रमप्राप्त होते.

देशांतर्गत मोजणी मात्र बराच काळ मागे होती. पुढच्या बैठकांस पट्टे १९९४ च्या सुमारास सक्तीचे झाले. पण पूर्ण मोटार अडथळ्यावर आदळवून पाहण्याची सक्ती नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एन्‌कॅप ह्या लंडनस्थित संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. प्रौढ उतारूंच्या संरक्षणासाठी पाचही मोटारींस शून्य तारे मिळाले. त्या मोटारी बेकायदेशीर नव्हत्या. तत्कालीन नियमांप्रमाणे त्या ‘पास’ झालेल्या होत्या. उणीव वाहनांइतकीच मोजणीतही होती, हे त्या दिवशी सर्वांस कळून चुकले.

१ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मोटारींस आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून सर्वच मोटारींस समोरील व बाजूच्या आघाताच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. समोरील आघाताची चाचणी ताशी ५६ किलोमीटर वेगाने होते. वरील संस्थेच्या चाचणीहून हा वेग कमी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये रांजणगावी तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉन ह्या मोटारीस त्याच ग्लोबल एन्‌कॅपने प्रौढ उतारूंसाठी पाच तारे दिले. हा मान मिळविणारी ती भारतीय बनावटीची पहिली मोटार होय. पाच वर्षांपूर्वी शून्य आणि आता पाच, हे अंतर पोलादाचा दर्जा, सांगाड्याची रचना, हवेची पिशवी आणि पट्टा ह्यांनी कापले. पण त्यापूर्वी ते मोजणीने कापले होते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एन्‌कॅप ही देशाची स्वतःची तारांकन-पद्धती सुरू झाली. तत्पूर्वी, २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने कारखानदारास परत बोलावण्यास भाग पाडण्याची तरतूदही कायद्यात आली होती.

रांजणगावच्या मोटारीच्या बाबतीत तिसरी पायरी, म्हणजे वाचन, आपोआपच पार पडते. ए. आय. एस. मानके इंग्रजीत प्रसिद्ध होतात; कारखान्यातील अभियंता इंग्रजी वाचतो; आणि ग्राहकास मानक न वाचताही तारे मोजता येतात. ‘तारा’ हे मानकाचे असे रूपांतर आहे की, ते वाचण्यासाठी अक्षरओळखही लागत नाही. ह्या पद्धतीच्या यशाचे हे एक रहस्य होय.

५

राज्य परिवहनाच्या गाडीचा इतिहास मोटारीहून निराळा आहे. लाकडी सांगाड्यानंतर धातूचे सांगाडे आले. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत महामंडळ स्वतःच पेट्या बांधू लागले. अनेक दशके अल्युमिनियमच्या पेट्या वापरात होत्या. अल्युमिनियम हलके आणि न गंजणारे, म्हणून इंधन वाचे. पण अपघातात त्याचा पत्रा फाटून आत घुसे व उतारूंस इजा करी. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात महामंडळ पोलादी सांगाड्याकडे वळले. बसच्या पेटीचे मानक २००१ सालीच लिहिले गेले होते. म्हणजे व्याख्या होती, लेख होता, मोजण्याची सोयही भोसरीस होती. तरीही प्रत्यक्ष बदलास दीड तप लागले. जुन्या गाड्यांचे आयुष्य, पैशाची ओढाताण आणि कार्यशाळांची सवय ही त्याची कारणे होत.

तथापि बसने एक गोष्ट मोटारीच्याही आधी साधली होती; ती म्हणजे वाचन. राज्य परिवहन ही संस्था मराठीत बोलणारी होती. चालक, वाहक, आगार हे शब्द तिने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत नेले. १९६० साली महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि शासनव्यवहाराची मराठी परिभाषा घडू लागली, त्या काळात राज्य परिवहनाची भाषा आधीच लोकांच्या तोंडी होती. गाडीच्या खिडकीवर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ अशी अक्षरे असतात. बसच्या मानकातील संकटद्वाराचे कलम इंग्रजीत आहे. पण उतारूपर्यंत ते ह्या चार मराठी शब्दांनी पोहोचते. शिरूर किंवा दौंड आगाराच्या गाडीत बसलेल्या शेतकऱ्याने ए. आय. एस. ०५२ हे नाव ऐकलेले नसेल; परंतु त्यातील सर्वांत उपयुक्त कलम तो रोज वाचतो. गाडी पेटली किंवा उलटली तर जीव वाचण्याची शक्यता ह्या वाचनावर अवलंबून असते. म्हणून मानकाचे भाषांतर हा वाङ्मयीन सोपस्कार नव्हे. तो सुरक्षेचाच एक भाग आहे.

६

आता उसाच्या ट्रॉलीकडे वळावयाचे. न्हावरे येथील घोडगंगा आणि पाटस येथील भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यानंतर ह्या दोन तालुक्यांत उसाची वाहतूक हा हंगामी जीवनाचा कणा बनला. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या परजिल्ह्यांतून येतात. आधी टायरची बैलगाडी आणि मग ट्रॅक्टरमागे एक किंवा दोन ट्रॉल्या अशी वाहतूक वाढत गेली. रबरी टायर बैलगाडीला लागले तेव्हाच जुन्या शब्दावलीतील ‘धाव’ हा शब्द मागे पडू लागला. ट्रॉली आली तेव्हा आख, तुंबा, आरे हेही मागे पडले आणि त्यांच्या जागी चॅनेल, अँगल, पाटे, फाळका, हूक, पिन हे शब्द आले. हा केवळ शब्दांचा बदल नव्हता. आखास वंगण घालण्याच्या शब्दाबरोबर ते केव्हा घालावे हे ज्ञान येत असे. ‘हूक’ ह्या शब्दाबरोबर ते किती ओझे पेलते हे ज्ञान आले नाही. ते ज्ञान मानकात होते आणि मानक इंग्रजीत होते.

ट्रॉली व्याख्येत आहे, हे वर सांगितलेच आहे. पण अधिनियमाच्या व्याख्या-कलमात ‘ट्रॉली’ हा शब्द नाही. तेथे ‘ट्रेलर’ आहे. मराठीत ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरमागची गाडी. इंग्रजीत त्याच शब्दाचा रूढ अर्थ निराळा. ‘ट्रेलर’ हा शब्द उच्चारला की, गावातील माणसाच्या डोळ्यांसमोर महामार्गावरील अठरा चाकी अजस्र वाहन येते. त्याची स्वतःची ट्रॉली येत नाही. मागील बाजूस दोन तांबडे परावर्तक असावेत, हा नियम मोटार वाहनांबरोबर ट्रेलरसही स्पष्ट शब्दांत लागू केलेला आहे. परंतु ट्रॉलीवाल्याने तो ऐकला तरी तो आपल्यासाठी आहे असे त्यास वाटण्याचे कारण नाही. कायद्याने त्यास हाक मारली ती परक्या नावाने.

मोजणीची स्थिती ह्याहून बिकट आहे. नमुना-चाचणी ही कल्पनाच मुळी एका नमुन्याच्या हजारो प्रती काढणाऱ्या कारखान्यास धरून रचलेली आहे. एक नमुना आदळवावा आणि बाकीच्यांस तसेच मानावे, हे रांजणगावात शक्य आहे. कारण तेथील प्रत्येक मोटार दुसरीसारखी असते. ट्रॉली मात्र तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात एकेक करून घडते. गिऱ्हाईक सांगेल ती लांबी, मिळेल तो अँगल, जुन्या ट्रकचा आख, दुसऱ्याच गाडीची चाके. येथे प्रत्येक वाहन हाच स्वतःचा नमुना असतो. पुढे जोडलेला ट्रॅक्टर मात्र तपासलेल्या नमुन्याची प्रत असतो. म्हणजे एकाच पिनेने जोडलेल्या दोन वाहनांपैकी पुढचे राष्ट्रीय मानकाच्या आत आणि मागचे व्यवहारतः त्याच्या बाहेर, अशी विचित्र अवस्था उत्पन्न होते. आणि मागून येणारा मोटारसायकलस्वार आदळतो तो मागच्यावर.

ह्या आघाताचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. उसाच्या मोळ्या फाळक्याच्या बाहेर लोंबतात आणि दिवे असलेच तर ते झाकून टाकतात. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून उंच असतो. मागून येणारी मोटार आदळली तर तिचा पुढचा भाग ट्रॉलीखाली शिरतो आणि ट्रॉलीची कड थेट काचेवर, म्हणजे उतारूच्या मस्तकाच्या पातळीवर, येते. मोटारीचे पुढचे शिंग चेपून आघात शोषून घेण्यासाठी जी रचना केलेली असते ती येथे निरुपयोगी ठरते. कारण आघात त्या रचनेवर होतच नाही. अवजड वाहनांच्या मागे आडवा संरक्षक दांडा असावा म्हणून भारतीय मानक १४८१२ हे २००० सालापासून अस्तित्वात आहे. त्यामागील तर्क नेमका हाच आहे. ह्याचा अर्थ असा की, रांजणगावच्या मोटारीस मिळालेले पाच तारे हे एकट्या मोटारीचे नसतात. समोर जे वाहन आहे त्याच्या रचनेवरही ते अवलंबून असतात. एका वाहनाचे मानक दुसऱ्याच्या मानकावाचून अपुरे आहे.

देशात २०२२ ह्या एका वर्षात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. ह्या प्रचंड आकड्यातील सर्वांत टाळता येण्याजोगे मृत्यू म्हणजे अंधारात न दिसलेल्या वाहनावर आदळून होणारे. तेथे गरज हवेच्या पिशवीची नसते, तर तांबड्या परावर्तकाची असते. आणि तो फार थोड्या पैशांत मिळतो.

७

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, ट्रॉलीवाल्यास नियम ठाऊक नसतो असे नाही. खर्च, घाई आणि दंडाची भीती नसणे हीच खरी कारणे होत. ह्या आक्षेपात तथ्य आहे. हंगामात खेपांवर पैसा मिळतो, आणि दिवा दुरुस्त करण्यात गेलेला वेळ म्हणजे बुडालेली खेप. केवळ मराठीत नियम छापल्याने ही परिस्थिती पालटेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. तथापि एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. परावर्तकाच्या बाबतीत जी थोडी प्रगती दिसते ती जेथे नियम लोकांच्या वाचनात आला तेथेच दिसते. हंगामाच्या आरंभी कारखान्याच्या आवारात परिवहन खात्याचे लोक आणि पोलीस येतात, चालकांस एकत्र करून मराठीत समजावितात आणि हातोहात तांबड्या पट्ट्या चिकटवितात. ह्या वेळी व्याख्या, मोजणी आणि वाचन ह्या तिन्ही पायऱ्या एकाच जागी, एकाच दिवशी पार पडतात. ‘ही तुमच्या ट्रॉलीसाठी आहे’ असे सांगितले की व्याख्या झाली. दुरून टॉर्च मारून पट्टी चमकते की नाही हे पाहिले की मोजणी झाली. आणि हे सारे समजेल अशा भाषेत झाले की वाचन झाले. ट्रॉलीच्या मागे लाल फडके बांधण्याची लोकांची स्वतःची रूढी आहे, तीही हेच दाखविते की, धोक्याची जाणीव नाही असे नव्हे. फडके दिवसा दिसते, रात्री दिसत नाही. एवढेच ज्ञान तेथे पोहोचावयाचे राहिले आहे.

हूक, पिन, ब्रेक आणि मागचा संरक्षक दांडा ह्यांच्या बाबतीत मात्र चालकाशी बोलून भागणार नाही. त्या गोष्टी वेल्डिंगच्या दुकानात ठरतात. टेंभुर्णीच्या गाडीचा नमुना गावोगाव पसरला तो सुतार-लोहारांनी तो आपला केला म्हणून. आजच्या वेल्डिंग करणाऱ्या कारागिरास तसा नमुना कोणी दाखविलेला नाही. कोणत्या जाडीचा चॅनेल घ्यावा, पिनेस अडकण कशी असावी, दांडा जमिनीपासून किती उंचीवर यावा हे आकृतीसह आणि त्याच्याच शब्दांत, म्हणजे ट्रॉली, फाळका, पाटे ह्या शब्दांत, सांगणारे एखादे पत्रक त्याच्या भिंतीवर लावले गेले तर मानकाची निम्मी वाट संपेल. उरलेली वाट नोंदणीच्या वेळी निरीक्षकाने चालावयाची आहे.

शिरूरच्या रस्त्याने लाकडी पेटीची पहिली गाडी १९४८ साली पाहिली आणि पाच ताऱ्यांची मोटार २०१८ साली पाहिली. ह्या सत्तर वर्षांत राष्ट्रीय मानकाने जी मजल मारली ती सामान्य नव्हे. परंतु एकाच रस्त्यावर सर्वांत सुरक्षित वाहनाचे भवितव्य सर्वांत असुरक्षित वाहनाच्या मागच्या कडेशी बांधलेले आहे, हे ह्या इतिहासाचे सार आहे. व्याख्या दिल्लीत झाली आणि मोजणी पुण्यात झाली. वाचन न्हावरे आणि पाटस येथे व्हावयाचे आहे, आणि ते मराठीतच होऊ शकेल.